परका माणूस आणि पाहुणा लेखक : परदेश-प्रवासवर्णनांतील स्नेहभेटींचा विचार

१

परदेशाच्या प्रवासावर मराठीत लिहिलेले पुस्तक उघडले, की त्यात एक प्रसंग बहुधा सापडतो. लेखक वाट चुकलेला असतो, त्याची गाडी सुटलेली असते किंवा समोरच्याची भाषा त्याला कळत नसते. अशा वेळी कोणी अनोळखी माणूस पुढे येतो. नुसता पत्ता सांगून तो थांबत नाही; दारापर्यंत सोबत करतो, कधी घरी चहाला नेतो. निरोप घेताना दोघांचीही मने थोडी भरून येतात. प्रसंगाच्या अखेरीस लेखक एक निष्कर्ष काढतो : देश बदलले, वेष बदलले, तरी माणूस इथूनतिथून एकच. या निष्कर्षाशी वाचक सहज सहमत होतो आणि पान उलटले जाते.

प्रवासवर्णनाच्या समीक्षेने या प्रसंगाकडे फारसे थांबून पाहिलेले नाही. स्थलवर्णनातील चित्रमयता, निवेदनातील आत्मपरता, माहिती आणि लालित्य यांचे प्रमाण, प्रवासवर्णन हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा की ललित गद्याचा उपप्रकार, या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे झाली आहे. अनोळखी माणसाची भेट मात्र 'माणसांविषयीचे कुतूहल' अशा एखाद्या शीर्षकाखाली चार ओळींत उरकली जाते. वास्तविक ही भेट म्हणजे या वाङ्मयप्रकाराची कसोटी आहे. डोंगर, चर्च आणि वस्तुसंग्रहालये लेखकाला उत्तर देत नाहीत, माणूस देतो. लेखकाच्या जगाविषयीच्या धारणा कोठे खऱ्या अर्थाने पणाला लागत असतील, तर त्या येथेच.

मिखाईल बाख्तीन यांनी कादंबरीतील कालावकाशाचा विचार करताना 'वाट' हे भेटीचे प्रमुख स्थान मानले होते. समाजाने एरवी दूर ठेवलेली माणसे वाटेवर एकमेकांसमोर येतात आणि त्यातून कथानकाला वळण मिळते, असे त्यांचे विवेचन आहे. प्रवासवर्णनातही वाट आहे आणि भेटही आहे. पण भेटीनंतरचे वळण बहुधा नसते. लेखकाची पुढची गाडी ठरलेली असते. भेट सुरू होते तेव्हाच ती संपणार हे लेखकाला, त्या परक्या माणसाला आणि वाचकालाही ठाऊक असते. प्रवासवर्णनातील स्नेहाचा निर्धोकपणा या ठाऊक असण्यातून येतो.

म्हणून अशा स्नेहभेटींचे मूल्यमापन तीन प्रश्नांच्या आधारे करता येईल. लेखकाला त्या परक्या माणसाची खरोखर गरज होती काय? त्या माणसाला लेखकाशी असहमत होण्याची जागा संहितेत मिळाली काय? आणि भेटीतून निर्माण झालेले ऋण लेखकाने घरी परत येताना सोबत आणले काय? हे प्रश्न तपासण्यासाठी कल्याणपासून बदलापूरपर्यंतचा ठाणे जिल्ह्यातील छोटा पट्टा विशेष उपयोगी पडतो. परक्या माणसाच्या भरवशावर समुद्र ओलांडणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांपैकी एक याच परिसरातील होती. आणि साठ-पासष्ट वर्षांनी याच परिसरात परक्या माणसांचा फार मोठा लोंढा येऊन कायमचा स्थिरावला.

२

१८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि १८५६ साली अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाच्या पायथ्याकडे गेली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागणारी पत्रे त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिली. हा पत्रव्यवहार रॉयल वाइल्डर यांच्या 'मिशनरी रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या उत्तराचा आशय असा होता, की साह्याचा विचार धर्मांतरासह व्हावा. न्यू जर्सीतील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो अंक वाचला आणि कल्याणच्या त्या अपरिचित मुलीला पत्र लिहिले. तिने कोणतीही अट घातली नव्हती.

एकाच छापील पानातून दोन परकी माणसे येथे समोर येतात. दोघांचाही धर्म एक, देश एक, आणि दोघांचीही मदत करण्याची तयारी आहे. फरक आहे तो अटीचा. झाक देरिदा यांनी १९९६ सालच्या व्याख्यानांत आतिथ्याचे सशर्त आणि विनाशर्त असे दोन ध्रुव कल्पिले. विनाशर्त आतिथ्य येणाऱ्याचे नावही विचारत नाही. सशर्त आतिथ्य नाव, कूळ, हेतू आणि निष्ठा यांची चौकशी करून मगच दार उघडते. व्यवहारात पहिले कधीच पूर्णपणे साधत नाही. पण ते नजरेसमोर नसेल, तर दुसऱ्याची परीक्षा करण्यास मापच उरत नाही. वाइल्डर आणि कार्पेंटर यांची उत्तरे शेजारी ठेवली, की ही तात्त्विक मांडणी मराठी वाचकाला एका घरगुती उदाहरणात दिसू लागते.

नेहमीच्या स्नेहभेटीचा क्रमही येथे उलटा झालेला आहे. एरवी प्रवास आधी असतो आणि परका माणूस वाटेत भेटतो. येथे परका माणूस आधी आहे. त्याच्यामुळे प्रवास संभवतो. काही वर्षांचा पत्रव्यवहार होऊन गेल्यावर, १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, पती सोबत नव्हते आणि समुद्रपर्यटनाने जातिबहिष्कार ओढवण्याची भीती खरी होती. 'वाट चुकली आणि कोणी सोबत केली' या प्रसंगातील गरज आणि ही गरज यांत प्रतीचा फरक आहे. रोझेलचे दार उघडले नसते, तर दुसरे हॉटेल शोधण्याचा पर्याय त्यांना नव्हता.

या नात्याला मिळालेले नावही अभ्यासण्याजोगे आहे. इंग्रजी पत्रांतून आनंदीबाई कार्पेंटरबाईंना 'आँट' म्हणत. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींनाही इंग्रजीत हा एकच शब्द आहे. मराठीतील पुढच्या लेखनाने त्यातून 'मावशी' निवडली. आत्या म्हटले असते तर पितृकुळाचा अधिकार सूचित झाला असता. काकू म्हटले असते तर शेजारधर्माचे, थोड्या अंतरावरचे नाते झाले असते. मावशी ही आईच्या जागी उभी राहणारी, पण आईचा धाक नसलेली स्त्री. एका ख्रिस्ती अमेरिकन गृहिणीला सोवळ्या-ओवळ्याच्या जगातील मातृकुळात स्थान देताना भाषेने त्या मातृकुळाची सीमाच सरकवली. परक्याला आपलेसे करणे या वाक्प्रचाराचा हा अर्थ असू शकतो, की आपल्यातील 'आपले' हा शब्द त्यामुळे मोठा व्हावा.

ऋणाच्या परतीचा प्रश्न या कथेत फार कठोर रीतीने सुटतो. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला जागा मिळाली. पाहुणी म्हणून गेलेली स्त्री यजमानाच्या घराण्याच्या भूमीत कायमची विसावली. तिच्यापुरती ती भेट संपली नाही.

त्याच काळातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेच्या त्या छायाचित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली आपापल्या देशांच्या पोशाखांत बसलेल्या आहेत. येथे यजमान चौकटीबाहेर आहे. तीन पाहुण्या एकमेकींना भेटल्या आहेत. मराठीतील परदेशवर्णनांत परका माणूस म्हणजे त्या देशाचा रहिवासी, असे गृहीत धरलेले असते. परदेशात भेटणारा दुसरा परदेशी हा आपल्या लेखनात दुय्यम राहतो. या छायाचित्राने सुचवलेली शक्यता आपल्या प्रवासवर्णनांनी पुरती वापरलेली नाही.

आनंदीबाईंनी प्रवासवर्णन लिहिले नाही. त्यांची कथा पत्रांतून, काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्रातून आणि पुढे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीतून आली. म्हणून प्रवासवर्णनाच्या इतिहासात तिला जागा मिळाली नाही. वाङ्मयप्रकाराची व्याख्या पुस्तकाच्या घाटावरून केली, की असे होते. परक्याशी झालेल्या भेटीवरून इतिहास लिहिला, तर आरंभीचे प्रकरण रोझेलला लिहावे लागेल.

३

आनंदीबाईंच्या पदवीदानाला उपस्थित राहण्याच्या निमंत्रणावरून पंडिता रमाबाई १८८६ साली इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. कृतज्ञ पाहुणीचे चित्र आनंदीबाईंच्या निमित्ताने पाहिले. रमाबाई हे वाद घालणाऱ्या पाहुणीचे चित्र आहे. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघाच्या आश्रयाला राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही धर्ममताच्या आज्ञापालनाबाबत त्यांनी आपल्या आश्रयदात्यांशी पत्रांतून सतत मतभेद नोंदवले. ज्या घरात आपण राहतो, ज्या हातचे अन्न खातो, त्या घराशी विचारांच्या पातळीवर बरोबरीने बोलण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकन स्त्रियांच्या संस्था, शिक्षणाची व्यवस्था आणि लोकांचा उपक्रमशीलपणा यांविषयी त्यात मोकळा आदर आहे. त्याच पुस्तकात मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाची आणि काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची स्पष्ट नोंद आहे. ज्या समाजाने त्यांना व्यासपीठ दिले, निधी उभारून दिला, १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापले, त्याच समाजाचे हे परीक्षण आहे. मदत घेतली म्हणून दृष्टी मिटावी लागत नाही, हे या पुस्तकाने मराठी गद्याला शिकवले.

मेरी लुईस प्रॅट यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात, विषम सत्ता असलेल्या समाजांची गाठ पडते त्या अवकाशाला संपर्कक्षेत्र असे नाव दिले. युरोपीय प्रवाशांनी वसाहतींविषयी केलेले लेखन हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे. रमाबाईंचा प्रवास या वाटेच्या उलट दिशेचा. वसाहतीतील स्त्री महानगरीय समाजाकडे जाते, त्याच्याकडून घेते आणि त्याला मोजते. तिच्या लेखनातील स्नेह खरा वाटतो, कारण त्यात नकाराची शक्यता जिवंत आहे. आणि ऋणाचा हिशेबही तिने घरी आणला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, ते अनोळखी अमेरिकन देणगीदारांच्या आधारावर. परदेशातील स्नेहभेटीचे येथे एका संस्थेत रूपांतर झाले.

४

विसाव्या शतकात परदेशप्रवासामागची निकड बदलली. अनंत काणेकर यांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकापासून मराठी प्रवासवर्णनाने ललित वळण घेतले, असे सामान्यतः मानले जाते. येथे प्रवासी आश्रय शोधण्यासाठी निघालेला नाही. तो एक जग पाहण्यासाठी निघाला आहे. लंडनचे धुके आणि रशियाचा लाल तारा ही शीर्षकातील दोन टोकेच त्याच्या वैचारिक कुतूहलाची दिशा सांगतात. त्या काळी सोव्हिएत रशियात परदेशी पाहुण्याला १९२९ साली स्थापन झालेल्या 'इन्टूरिस्ट' या सरकारी यंत्रणेच्या चौकटीत हिंडावे लागे. सोबतीला दिलेला वाटाड्या हसतमुख असला, तरी त्याचे हसणे त्याच्या नेमणुकीचाही भाग असे. अनोळखी माणसाची आपुलकी कोणाच्या वतीने आहे, हा प्रश्न या टप्प्यावर प्रथम उभा राहतो. पुढच्या काळात पर्यटन हा सर्वत्र उद्योग झाल्यावर तो अधिकच तीव्र झाला.

पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) या पुस्तकांनी परदेशवर्णन मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचवले. त्यांच्या विनोदाची नैतिक बाजू लक्षात घेतली पाहिजे. परक्या देशात विचित्र दिसतो तो मुख्यतः निवेदक स्वतः. हसण्याचा विषय आपणच झाल्यामुळे समोरच्या माणसाला हास्यास्पद करण्याची गरज पडत नाही. वसाहतकाळातील गोऱ्या प्रवाशाच्या लेखनात 'नेटिव्ह' माणसाची जी थट्टा आढळते, तिला हे सभ्य उत्तर होते. 'पूर्वरंग'ने आणखी एक काम केले. परदेश म्हणजे विलायत हे समीकरण मोडून आग्नेय आशिया आणि जपानकडे त्याने वाचकाची मान वळवली.

परंतु याच पद्धतीला एक मर्यादाही आहे. परक्या माणसात गिरगावातला किंवा पार्ल्यातला ओळखीचा माणूस शोधणे, हा या निवेदनाचा आवडता मार्ग. साम्य सापडले की वाचक सुखावतो आणि परकेपण विरघळते. या विरघळण्यात त्या माणसाचे वेगळेपणही जाते. त्याचे दुःख, त्याचा इतिहास, त्याच्या देशाशी असलेले त्याचे भांडण यांना साम्याच्या चौकटीत जागा मिळत नाही. 'माणूस इथूनतिथून एकच' हा निष्कर्ष उदार दिसतो. प्रत्यक्षात त्यातला 'एकच' माणूस बहुतेक वेळा आपल्यासारखा असतो. पु. लं.च्या हातात प्रतिभेमुळे ही रीत ताजी राहिली. त्यांच्या अनुकरणात मात्र तिचा साचा झाला, आणि मराठी मासिकांच्या दिवाळी अंकांतून परक्या देशातील प्रेमळ आजीबाई आणि हसतमुख टॅक्सीवाला यांची न संपणारी रांग लागली.

५

साचा का झाला, याचे कारण केवळ अनुकरणात शोधणे अपुरे ठरेल. गेल्या काही दशकांत मराठी माणसाच्या परदेशप्रवासाचे स्वरूप सहल-कंपन्यांनी ठरवले. मराठी बोलणारा मार्गदर्शक, ओळखीचे जेवण, मिनिटांत आखलेला दिवस. अशा प्रवासात अनोळखी माणसाची गरजच शिल्लक राहत नाही. गरज नसताना झालेली भेट ही दृश्यांच्या यादीतील आणखी एक नोंद होते. मोबाइलवरील नकाशाने तर वाट विचारण्याचा, म्हणजे परक्याशी बोलण्याचा सर्वांत जुना प्रसंगही काढून घेतला.

या पार्श्वभूमीवर मीना प्रभु यांच्या लेखनाचे महत्त्व दिसते. 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' अशा पुस्तकांतून त्यांनी सहल-कंपनीच्या वेळापत्रकाबाहेरचा प्रवास मराठीत रुजवला. अशा प्रवासात स्त्रीने अनोळखी माणसावर विश्वास टाकणे ही भाबडेपणाची गोष्ट राहत नाही. ती क्षणाक्षणाला घेतलेली पारख असते. कोणाच्या गाडीत बसायचे, कोणाच्या घरी उतरायचे, कोणाला नाही म्हणायचे, या निर्णयांत भेटीची किंमत ठरते. आनंदीबाई आणि रमाबाई यांच्या लेखनातील गरज येथे वेगळ्या रूपाने परतते, असे म्हणता येईल. मिलिंद बोकील यांचे 'समुद्रापारचे समाज' (२०००) दुसऱ्या बाजूने याच साच्याबाहेर पडते. भेटलेल्या माणसाच्या गोडव्यापाशी न थांबता तो ज्या समाजाचा घटक आहे त्याची रचना समजून घेण्याकडे त्या लेखनाचा कल आहे.

आपुलकीलाही व्याकरण असते, हे या दोन्ही मार्गांतून शिकण्याजोगे आहे. इराणमध्ये 'तारोफ' नावाचा शिष्टाचार आहे. दुकानदार पैसे नको म्हणतो. गिऱ्हाइकाने आग्रह करायचा असतो. दोन-तीन वेळा नकार झाल्यावर पैसे स्वीकारले जातात. ही रीत ठाऊक नसलेला प्रवासी पहिल्याच नकारावर वस्तू उचलून निघाला आणि घरी येऊन त्याने इराणी औदार्यावर परिच्छेद लिहिला, तर त्याने दुकानदाराला ठकवले आहे आणि वाचकालाही. 'जेवायला या हं' हे मराठी निमंत्रण किती वेळा खरे असते, हे जाणणाऱ्या वाचकाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. परक्या माणसाचा स्नेह वाचता यावा लागतो. नुसता अनुभवून भागत नाही.

६

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत मराठी माणूस पाहुणा आहे. परदेश-प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकारच तसा आहे. त्यात आपण दार ठोठावतो आणि दुसरा उघडतो. त्यामुळे आपण दार उघडणारे असतो तेव्हा काय करतो, हा प्रश्न या वाङ्मयप्रकाराच्या कक्षेबाहेर राहतो. पाहुणचाराची संकल्पना मात्र या दुसऱ्या अर्ध्याशिवाय पुरी होत नाही. येथे कल्याणच्या पुढचा पट्टा पुन्हा पाहावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी तळाच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. नाव शेजारच्या उल्हास नदीवरून आले. पत्त्यांत मात्र कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असे आकडे आजही टिकून आहेत. इकडे निघण्यापूर्वी, घर न सोडताच, या माणसांचे घर परदेशात गेले होते. साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेले सिंधी लेखक मोहन कल्पना हे उल्हासनगरात राहिले. अशा लेखकाच्या दृष्टीने सिंधला जाणे म्हणजे परदेशप्रवास आणि उल्हासनगरात राहणे म्हणजेही परक्यांत राहणे. 'परदेश' या शब्दाचा मराठी प्रवासवर्णनाने गृहीत धरलेला सरळ अर्थ येथे टिकत नाही.

इमान्युएल कांट यांनी १७९५ साली शाश्वत शांततेविषयीच्या निबंधात परक्या माणसाला भेटीचा हक्क दिला. वस्तीचा हक्क त्यांनी वेगळ्या कराराचा विषय मानला. गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली परक्याची व्याख्या करताना नेमके दुसरे टोक पकडले. त्यांच्या मते परका म्हणजे आज येऊन उद्या निघून जाणारा भटक्या नव्हे. आज येतो आणि उद्याही राहतो तो परका. प्रवासवर्णनातील स्नेहभेट कांटच्या मर्यादेत घडते. उल्हासनगर झिमेलच्या व्याख्येत बसते. निघून जाणाऱ्यावर प्रेम करणे सोपे असते. राहणाऱ्याशी पाणी, जागा, बाजार आणि भाषा वाटून घ्यावी लागते.

या वाटणीची भाषा कशी होती, याचा एक पुरावा लोकांच्या तोंडी असलेल्या विनोदात आहे. उल्हासनगरच्या मालावरील 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा तो विनोद. त्यात नक्कल मालाची थट्टा आहे आणि उद्यमशीलतेचे नाइलाजाने केलेले कौतुकही आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की याच कल्याणच्या मुलीला अमेरिकेत 'मावशी' मिळाली होती. आणि कल्याणच्या दारात आलेल्या परक्याला मात्र अमेरिकेच्या नावाने कोटी मिळाली. एका बाजूला नात्याचा शब्द, दुसऱ्या बाजूला लघुरूपाची गंमत. व्यक्तींनी केलेली मदत, शेजाऱ्यांनी जुळवलेली नाती येथेही झालीच असणार. प्रश्न त्यांना भाषेत कोणते रूप मिळाले, हा आहे.

उल्हासनगर हे या पट्ट्यातील एकमेव उदाहरण नाही. अंबरनाथला शके ९८२ मधील शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्याच गावात विसाव्या शतकात स्वीडिश भांडवलावर उभा राहिलेला 'विमको'चा काड्यापेट्यांचा कारखाना आणि आयुधनिर्माणी यांनी देशभरातून कामगार आणले. बदलापूरच्या नावाची व्युत्पत्ती लोक 'घोडे बदलण्याचे ठिकाण' अशी सांगतात. ती खरी असो वा नसो, गावाने स्वतःची ओळख प्रवाशाच्या थांब्यावरून करून घ्यावी, हे अर्थपूर्ण आहे. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे येथे आली आणि रोज लोकलने परत मुंबईकडे जाऊ लागली. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर सरकून जागा देणारा माणूस वर्षानुवर्षे ओळखीचा असतो, पण त्याचे आडनाव ठाऊक नसते. परदेशातील पाच मिनिटांच्या भेटीत नाव, गाव, मुलेबाळे विचारणाऱ्या लेखकाला या डब्यातील स्नेहाची नोंद करावीशी वाटत नाही. कारण येथे अपूर्वाई नाही.

मराठीच्या बोलीत याविषयीची एक जुनी समज आहे. ग्रामीण भागात अनोळखी माणूस दिसला, की 'कुठलं पाव्हणं?' असे विचारले जाते. या दोन शब्दांत देरिदांचे दोन्ही ध्रुव एकत्र नांदतात. 'कुठलं' ही चौकशी आहे. 'पाव्हणं' हा आधीच दिलेला दर्जा आहे. चौकशी करणारा समोरच्याला प्रथम पाहुणा मानतो आणि मगच गाव विचारतो. उत्तर काही आले तरी तो दर्जा परत घेतला जात नाही. 'निर्वासित' या शासकीय शब्दात नेमका हा क्रम उलटा आहे : तेथे आधी कोठून हाकलले गेलात ते नोंदवले जाते, आणि पाहुणेपणाची तर नोंदच नसते.

परदेश-प्रवासवर्णनांचा यापुढील अभ्यास या क्रमाच्या आधाराने व्हावयास हवा. भेटलेला अनोळखी माणूस किती गोड होता, याची मोजदाद पुरेशी झाली आहे. त्याला लेखकाने कोणता दर्जा दिला, त्याच्या तोंडी मतभेदाचे एखादे वाक्य येऊ दिले काय, आणि त्याच्या दारात मिळालेला पाहुणचार लेखकाने आपल्या दारात कोणाला परत दिला काय, हे पाहिले पाहिजे. रमाबाईंच्या पुस्तकाला हे प्रश्न विचारता येतात, आणि उत्तर मिळते. 'अपूर्वाई'ला ते विचारले तर काही उत्तरे मिळतात, काही मिळत नाहीत. त्यामुळे त्या पुस्तकाची थोरवी कमी होत नाही, तिची हद्द कळते. परंतु रोझेलच्या दारावर लिहिणाऱ्या वाङ्मयाला कल्याण कॅम्पच्या दाराविषयी काहीच म्हणायचे नसेल, तर त्यातील माणूस एकच असल्याचा निष्कर्ष परदेशापुरता मर्यादित ठरतो.